हजेरी, पोचपावती आणि भत्ता : खारबाव-भिवंडी परिसराच्या संदर्भात बेकारी साहाय्याच्या नियमांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दिवा-वसई लोहमार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड या स्थानकांच्या दरम्यान खारबाव हे गाव आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील हे गाव एका बाजूला भातशेती, खाडी व वीटभट्ट्या यांच्याशी आणि दुसऱ्या बाजूला भिवंडी शहरातील यंत्रमाग व अलीकडील गोदामे यांच्याशी जोडलेले आहे. अशा परिसरातील श्रमिकाला वर्षातून काही काळ काम नसणे ही अपवादात्मक घटना नसून त्याच्या जीवनक्रमाचा तो एक भाग आहे. मागणी घटली की माग थांबतात, पाऊस सुरू झाला की भट्ट्या बंद होतात.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. या तत्त्वास अनुसरणारे अनेक कायदे व योजना महाराष्ट्रात लागू झाल्या. असे असूनही काम गेलेल्या माणसाच्या हाती भत्ता क्वचितच पडला. याचे कारण केवळ प्रशासकीय उदासीनतेत शोधणे पुरेसे नाही. नियमांची घडणच तपासली पाहिजे.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) बेकारी साहाय्याच्या नियमांचा महाराष्ट्रातील ऐतिहासिक विकास पाहणे.
२) या नियमांतील पात्रतेच्या अटी व काम शोधण्याची गरज यांतील संबंध तपासणे.
३) खारबाव-भिवंडी परिसरातील श्रमिक या नियमांच्या कक्षेत कोठे बसतो, याचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने सेवायोजन कार्यालये स्थापन झाली आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही ठरावीक उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा बेकारी विमा सुरू झाला. पुढे १९२१ मध्ये तेथे एक वादग्रस्त अट आली. अर्जदार खरोखरच काम शोधत आहे, हे त्याने स्वतः सिद्ध करावे, अशी ती अट होती. कामगार चळवळीच्या विरोधामुळे १९३० मध्ये ती रद्द झाली. तथापि तेथील नियमांचा मध्यबिंदू 'शोध' हा होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

भारतात परिस्थिती वेगळी होती. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने बेकारी विम्याची पाश्चात्त्य पद्धत भारतीय परिस्थितीत व्यवहार्य मानली नाही. कामगार गावी परत जातो, शेती व कुटुंब त्याला सांभाळून घेते, ही समजूत त्या काळी प्रबळ होती. म्हणजेच बेकारीचा भार गावाने वाहावा, असे गृहीत धरले गेले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र रोज सकाळी दरवाज्यावर उभे राहून कामाची वाट पाहणाऱ्या बदली कामगारांची संख्या मोठी होती. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. तिच्यानुसार ठरावीक बदली कामगारांना कार्डे देण्यात आली व त्यांनी रोज सकाळी हजर राहावे, असा दंडक घालण्यात आला. हजर राहण्याबद्दल त्यांना काही मिळत नसे, परंतु गैरहजर राहिल्यास त्यांचा क्रम धोक्यात येई. 'हजेरी' ही पात्रतेची कसोटी म्हणून येथे प्रथम ठळकपणे दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, युद्धसेवेतून मुक्त होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामगार कल्याणाच्या अनेक संस्थांचा पाया याच काळात घातला गेला. १९५९ च्या कायद्याने, जो १ मे १९६० पासून अमलात आला, पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक झाले. परंतु त्या कार्यालयामार्फतच भरती करण्याचे बंधन मालकावर नव्हते. शेतीतील कामे व तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या जागा तर या कायद्याच्या बाहेरच होत्या. त्यामुळे खारबावसारख्या गावातील मजुराला ज्या स्वरूपाचे काम मिळू शकत होते, नेमके तेच काम या नोंदवहीत येत नव्हते.

ले-ऑफची भरपाई : दोन तासांचा नियम

१९५३ मध्ये कापड गिरण्यांत मालाचे साठे वाढल्याने मोठ्या प्रमाणावर कामगार बसविले जाण्याची भीती निर्माण झाली. त्या पार्श्वभूमीवर २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये ले-ऑफ व कामगार कपातीविषयीचे नवे प्रकरण समाविष्ट झाले. एक वर्षाची सलग सेवा झालेल्या व हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या पन्नास टक्के भरपाई देण्याची ही तरतूद होती. भारतीय कामगाराच्या इतिहासात हे पाऊल महत्त्वाचे होय.

मात्र या तरतुदीच्या अटी बारकाईने पाहिल्या पाहिजेत. कामगाराने नेमलेल्या वेळी कारखान्यात हजर व्हावे आणि दोन तासांत काम न मिळाल्यास त्या दिवसापुरता तो ले-ऑफ समजला जावा, अशी व्याख्या होती. दिवसातून किमान एकदा जो हजर होत नाही, त्याला भरपाई नाही. पाच मैलांच्या आतील त्याच मालकाच्या दुसऱ्या आस्थापनेतील योग्य काम नाकारले, तरी भरपाई नाही. आस्थापनेच्या दुसऱ्या विभागातील संपामुळे काम थांबले, तरीही भरपाई नाही. सरासरी पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या तसेच हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना हे प्रकरण लागूच नव्हते. वर्षभराची सलग सेवा पूर्ण होईपर्यंत बदली कामगारही त्यातून वगळलेला होता.

या अटींचा एकत्रित अर्थ असा की, अर्धे वेतन हवे असेल तर कामगाराने रोज दरवाज्यावर जावे. परंतु ज्याला उरलेल्या अर्ध्या वेतनाची तूट भरून काढायची आहे, त्याने त्याच वेळी दुसरीकडे काम शोधले पाहिजे. एका माणसाला एकाच सकाळी दोन ठिकाणी असणे शक्य नव्हते. ब्रिटिश नियमांनी शोध न करणाऱ्याला वगळले, तर येथील नियमांनी शोधासाठी बाहेर पडणाऱ्याला वगळले, असे म्हणता येईल.

भिवंडीचा यंत्रमाग आणि हजेरीपटाचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाच्या काळात व त्यानंतर कापड उत्पादनाचा मोठा भाग भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे वळला. गिरणगावात काम गेले आणि भिवंडीत काम आले, असे वरवर दिसते. वस्तुतः हजेरीपट असलेल्या उद्योगातून हजेरीपट नसलेल्या उद्योगाकडे हे स्थलांतर होते.

यंत्रमाग व्यवसायाची रचना समजून घेतल्यास हे स्पष्ट होते. व्यापारी सूत पुरवितो, मागमालक मीटरच्या दराने मजुरीवर कापड विणून देतो आणि कारागिराला त्यातून मीटरवर मजुरी मिळते. बारा तासांच्या दोन पाळ्यांत माग चालतात. एकाच शेडमधील माग कुटुंबातील वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर दाखविण्याची पद्धत अनेक अभ्यासकांनी नोंदविली आहे. त्यामुळे प्रत्येक घटकातील कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेखाली राहते. अशा स्थितीत मालक नेमका कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्याचे नाव कोणत्याही पटावर नाही, त्याचे काम गेले हे सिद्ध तरी कसे करावे? कायद्याच्या दृष्टीने जो कधी कामावर नव्हताच, तो बेकार होऊ शकत नाही.

हीच अडचण राज्य कामगार विमा योजनेच्या बाबतीत आली. १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडणे, कामगार कपात किंवा कामाशी संबंधित नसलेल्या कारणाने आलेले किमान चाळीस टक्के कायम अपंगत्व यांमुळे नोकरी गेलेल्या विमाधारकास वेतनाच्या पन्नास टक्के भत्ता सुरुवातीस सहा महिन्यांसाठी मिळू लागला. प्रारंभी त्यासाठी पाच वर्षांच्या वर्गणीची अट होती. दुसरी नोकरी मिळताच भत्ता थांबे. १ जुलै २०१८ पासून आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सुरुवातीस सरासरी दैनिक कमाईच्या पंचवीस टक्के रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस आणि आयुष्यात एकदाच, अशी मर्यादा होती. हा अर्ज शेवटच्या मालकामार्फत यावा, अशीही अट होती. २०२० च्या टाळेबंदीनंतर दर पन्नास टक्के करण्यात आला, प्रतीक्षेचा काळ नव्वद दिवसांवरून तीस दिवसांवर आणला गेला आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. ज्या मालकाने कामावरून काढले त्याच्याच शिफारशीवर भत्ता अवलंबून ठेवण्यातील विसंगती यातून एका अर्थी मान्य झाली. तथापि वर्गणीच न भरलेल्या माग कारागिरापर्यंत ही सुधारणाही पोहोचू शकत नव्हती.

रोजगार हमी : गावाची सीमा आणि पंधरा दिवस

ग्रामीण महाराष्ट्रात बेकारी साहाय्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झालेला प्रयोग, १९७२-७३ च्या दुष्काळातील कामे आणि त्यानंतर १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेला महाराष्ट्र रोजगार हमी कायदा, हा क्रम सर्वपरिचित आहे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम अल्प होती, पण काम न मिळणे हा शासनाचा दोष मानण्याचे तत्त्व क्रांतिकारक होते.

२ फेब्रुवारी २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, २००५, वर्षाला शंभर दिवसांची हमी आणि भत्त्याचे प्रमाण निश्चित झाले. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि उर्वरित काळासाठी किमान निम्मा, असे ते प्रमाण होते. पंधरा दिवसांची गणना मात्र मागणी अर्जाच्या तारखेपासून होई. महाराष्ट्रात 'नमुना ४' या नावाने परिचित असलेला हा अर्ज देऊन तारखेची पोचपावती मिळाली नाही, तर गणना सुरूच होत नसे. मजुरीचा खर्च केंद्राकडे आणि बेकारी भत्त्याचा भार राज्याकडे अशी विभागणी असल्याने तारीखवार पोचपावती देण्यास यंत्रणेला उत्साह नसणे स्वाभाविक होते. भत्ता क्वचितच दिला गेला, याचे एक मूळ या रचनेत आहे.

नेमून दिलेल्या कामावर पंधरा दिवसांत हजर न होणारा किंवा महिन्यात एकूण एका आठवड्याहून अधिक विनापरवानगी गैरहजर राहणारा मजूर तीन महिने भत्त्यास अपात्र ठरे. म्हणजे खारबावच्या मजुराने गोदामात चार दिवसांची हमाली मिळाली म्हणून रोहयोचे काम वारंवार सोडले, तर पुढील तिमाहीचा हक्क त्याच्या हातून जाई.

येथे गावाची सीमाही निर्णायक ठरते. खारबाव ग्रामपंचायतीतील कुटुंब काम मागू शकत होते. भिवंडी शहरातील मागावरचा कारागीर मागू शकत नव्हता, कारण शहर या कायद्याबाहेर होते. उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेल्या कारागिराचे जॉबकार्ड असलेच तर मूळ गावी होते. दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची स्थिती याहून बिकट होती. ज्या कोरड्या महिन्यांत मातीकामे निघत, त्या काळात ते गावात नसे. पावसाळ्यात ते गावी परतले, की मातीकामे थांबलेली असत.

अलीकडील बदल

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली व औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. ले-ऑफच्या भरपाईसाठी पन्नास कामगारांची मर्यादा नव्या संहितेतही कायम राहिली. कपात झालेल्या कामगारास पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद नवी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीसाठी नवा कायदा संमत केला असून त्यात १२५ दिवसांची हमी आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे. हे बदल महत्त्वाचे असले, तरी हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचा प्रश्न त्यांनी सोडविलेला नाही.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील बेकारी साहाय्याचे नियम हे बेकारीपेक्षा नोंदीवर आधारलेले आहेत. हजेरीपट, वर्गणी व पोचपावती यांपैकी एकही नसलेला श्रमिक त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.
२) रोज हजर राहण्याची सक्ती आणि नवे काम शोधण्याची गरज यांत मूलभूत विरोध आहे. १९३५ ची बदली योजना, १९५३ ची ले-ऑफ तरतूद व रोजगार हमीची गैरहजेरीची अट यांत तो सातत्याने दिसतो.
३) ग्रामीण व नागरी अशी विभागणी खारबाव-भिवंडीसारख्या परिसरात कृत्रिम ठरते. श्रमिक रोज ती सीमा ओलांडतो, त्याचा हक्क मात्र सीमेवरच थांबतो.
४) ज्याच्याकडे भत्त्याचा भार त्याच्याकडेच नोंदीचा अधिकार, ही रचना बदलल्याशिवाय हमी कागदावरच राहण्याचा संभव आहे.

व्हिटली आयोगाच्या काळी बेकार माणसाचा भार गावावर सोपविला गेला होता. त्यानंतरच्या सुमारे नऊ दशकांत कायदे अनेक झाले. परंतु माग थांबल्यावर भिवंडीतील कारागीर आजही प्रथम मुलखाची गाडी पकडतो, ही वस्तुस्थिती त्या जुन्या गृहीतकाचीच साक्ष देते. अनुच्छेद ४१ मधील साहाय्याचा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर हजेरीपटाच्या बाहेरील माणसाची नोंद करण्यापासून सुरुवात करावी लागेल.