‘करतो’ आणि ‘करस’: सुरतेतील अहिराणी

मराठीत ‘तो करतो, ती करते’. अहिराणीत दोघांनाही ‘करस’. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात, यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांत हा ‘स’ आपल्याला आजही ऐकू येईल. अनेकांना तो अशुद्ध मराठीचा नमुना वाटतो. पण शेजारी गुजराती ठेवून पाहा. तिथेही ‘करे छे’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांना चालते. आपल्या ‘आहे’ला गुजरातीत ‘छे’, अहिराणीत ‘शे’. ‘गेला’ला तिकडे ‘गयो’, इकडे ‘गया’.

ही रूपे सुरतेत येऊन बिघडलेली नाहीत, खानदेशातूनच आलेली आहेत. ग्रिअर्सनने १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता भिल्ली बोलींसोबत केली. मराठीचे अनेक अभ्यासक तिला मराठीचीच बोली मानतात. वाद चालू राहो. प्रत्यय जुना आहे, एवढे निश्चित.

म्हणून घरातले मूल ‘करस’ म्हणाले, तर त्याला ‘करतो’ जरूर शिकवावे. मात्र ‘करस’ चूक आहे असे सांगू नये. त्या एका ‘स’मध्ये तापीखोऱ्यातल्या दोन भाषांचा जुना शेजार टिकून आहे.