बोटिंग : सुकाणू कोणाच्या हाती?

हैदराबाद : पाणी शांत दिसतं म्हणून बोट चालवणं सोपं होत नाही. हुसेनसागरात १० मार्च १९९० रोजी बुद्धमूर्ती नेणारा तराफा कलंडला आणि कामगार बुडाले. गोदावरीत १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्रातील कच्चुलुरूजवळ पर्यटक बोट बुडाली. तीत हैदराबाद-वरंगळकडचे प्रवासीही होते.

कायदा काय सांगतो? १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला. त्यानुसार इंजिनाच्या बोटीची तपासणी व नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र लागते. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. वल्ह्याच्या नावेची नोंद स्थानिक पातळीवर करायची आहे.

प्रशिक्षण कुठे मिळतं? गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवणे आणि जीवरक्षण यांचे अभ्यासक्रम आहेत.

प्रवाशाने काय पाहावे? चालकाचे प्रमाणपत्र, बोटीवर लिहिलेली प्रवासी क्षमता आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. जॅकेट सीटखाली असून उपयोग नाही. बक्कल लावूनच बसायचं. यातलं एक जरी नसेल, तर बुद्धमूर्ती काठावरूनच पाहिलेली बरी.