सीए निकाल : किती टक्के लागणार?

निकाल जवळ आला की सिकंदराबादच्या क्लासपासून नांदेडच्या घरापर्यंत एकच चर्चा : यंदा किती टक्के? सीए फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी नोव्हेंबर २०२३ मध्ये ९.४२, मे २०२४ मध्ये १९.८८, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये १३.४४ टक्के उत्तीर्ण झाले. म्हणजे मागच्या आकड्यावरून पुढचा सांगता येत नाही. हिशोब आपल्या गुणांचाच करावा : प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये ३०० पैकी १५०. दोन्ही ग्रुप दिले असतील तर एकूण ६०० पैकी ३०० चालतात. एकाची कसर दुसऱ्यात भरून निघते. ग्रुप राहिला, पण त्यातले सगळे पेपर दिलेले असले, तर ६० गुणांच्या पेपरला पुढचे तीन प्रयत्न सूट मिळते.