मॅक्टॅगर्ट यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड

विश्लेषक तत्त्वज्ञांचा संप्रदाय विश्वविषयक कल्पक चिंतनाचा शत्रु होता, असा समज रूढ आहे. व्हिएन्ना येथील मंडळानें १९२९ च्या जाहीरनाम्यांत असल्या चिंतनावर कडक टीका केली, हें खरें. परंतु केंब्रिज येथील एका ग्रंथाचा इतिहास पाहिला असतां हा समज सरसकट टिकत नाहीं.

जे. एम. ई. मॅक्टॅगर्ट हे तेथील ट्रिनिटी कॉलेजांतील तत्त्वज्ञ. काल मिथ्या आहे, असें त्यांनीं १९०८ मध्यें एका निबंधांत प्रतिपादिलें. बहुतांशीं केवळ तर्काच्या बळावर सत्तेचें स्वरूप सिद्ध करूं पाहणाऱ्या त्यांच्या ‘अस्तित्वाचें स्वरूप’ या ग्रंथाचा पहिला खंड १९२१ मध्यें निघाला. दुसऱ्या खंडाचा मसुदा मागें ठेवून ते जानेवारी १९२५ मध्यें वारले.

त्याच वर्षीं त्यांचे शिष्य जी. ई. मूर यांचा व्यवहारबुद्धीचें मंडन करणारा निबंध प्रसिद्ध झाला. आपल्या जन्मापूर्वीं पुष्कळ वर्षें पृथ्वी अस्तित्वांत होती, हें आपणांस निश्चित ठाऊक आहे, असें मूर म्हणतात. काल मिथ्या मानल्यास या ‘पूर्वीं’ची वाट काय? जो सिद्धान्त असलें ज्ञान खोटें ठरवितो त्यांतच दोष शोधावा, ही या संप्रदायाची जतनशील वृत्ति होय.

सी. डी. ब्रॉड हेही याच संप्रदायांतले. १९२४ च्या एका निबंधांत त्यांनीं तत्त्वज्ञानाचे चिकित्सक व कल्पक असे दोन भाग पाडले. मूलभूत कल्पनांची व समजुतींची छाननी हें पहिल्याचें काम. शास्त्रांचे निष्कर्ष आणि नीति व धर्म यांतील अनुभव एकत्र घेऊन समग्र विश्वाविषयीं मत बनविणें हें दुसऱ्याचें. दुसरें अनिश्चित असलें तरी त्याज्य नाहीं. मात्र पहिल्यावांचून तें करूं नये, असा त्यांचा अभिप्राय.

तो त्यांनीं आचरणांतही आणिला. मॅक्टॅगर्ट यांचा कालविषयक सिद्धान्त मान्य नसतांही त्यांचा दुसरा खंड ब्रॉड यांनींच संपादून १९२७ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें १९३३ व १९३८ मध्यें त्या ग्रंथाची विस्तृत परीक्षा छापली. आधीं पूर्वपक्ष शाबूत राखला, मग उत्तरपक्ष मांडला.

आपल्याकडे चार्वाकांचीं बार्हस्पत्य सूत्रें अखंड उपलब्ध नाहींत. त्यांतील वचनें प्रतिपक्षाच्या ग्रंथांत विखुरलेलीं सांपडतात. खंडन प्रामाणिक होतें कीं नाहीं, हें ताडण्यास मूळ पोथी नाहीं. मॅक्टॅगर्ट यांच्या वाचकास ती अडचण नाहीं. एखाद्या संप्रदायाची जतनशील वृत्ति धाडसी विचारास मारक ठरली कीं तारक, हें ठरवितांना, न पटलेल्या ग्रंथाच्या हस्तलिखिताचें त्यानें काय केलें, तें प्रथम पाहावें.