तारेवरून बॅटरीवर : बेस्टची वाटचाल

मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली 7 मे 1907 रोजी. त्याआधी तेहतीस वर्षं ट्राम घोडेच ओढत होते. 31 मार्च 1964 ला ट्राम कायमची थांबली. 1962 साली आलेल्या ट्रॉलीबसनं जेमतेम नऊ वर्षं काढली. मग डिझेल, पुढे सीएनजी. मुंबईच्या शहर भागातले दिवे लावणाऱ्या ‘बेस्ट’ उपक्रमाच्या गाड्या मात्र विजेवाचून चालत राहिल्या!

नोव्हेंबर 2017 मध्ये वडाळा आगारातून बॅटरीच्या बस निघाल्या, महापालिकेनं दिलेल्या दहा कोटींतून घेतलेल्या. संख्या नमुन्यापुरतीच, पण बस बेस्टच्या मालकीच्या होत्या. आज ते मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यानंतरचा विजेचा ताफा आला तो भाडेतत्त्वावर. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. बेस्टनं धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मोजायचे. केंद्राच्या अनुदान योजनेतल्या 340 बसपैकी पहिली तुकडी डिसेंबर 2020 मध्ये रस्त्यावर आली. 2022 साली आणखी 2,100 बसचं कंत्राट दिलं गेलं, पण गाड्या मिळाल्या रडतखडत. तोवर जुन्या बस भंगारात निघत होत्या आणि थांब्यावरची रांग वाढत होती.

गाडी बदलली तसं चालकाचं कामही बदललं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, इंजिनाची घरघर नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवताच मोटर पूर्ण जोर लावते. पाय काढला की गाडी आपणहून मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. वर्षानुवर्षं डिझेलची बस हाकलेल्या पायाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची अशीच एक बस गर्दीत घुसली, माणसं चिरडली गेली. चालकाला या गाडीचं प्रशिक्षण किती मिळालं होतं, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. माझ्या मते तो कंत्राटावर सही करतानाच विचारायला हवा होता. चालक कंत्राटदाराचा असला, तरी बसवर नाव बेस्टचंच असतं.

कौतुकाची बाजूही आहे. फेब्रुवारी 2023 पासून विजेवरची वातानुकूलित डबलडेकर धावू लागली आणि त्याच वर्षी 15 सप्टेंबरला जुन्या डिझेल डबलडेकरनं निरोप घेतला. वरच्या मजल्यावरची पुढची सीट पटकावायची धडपड तशीच आहे; वारा तेवढा काचेबाहेर राहिला. हा गारवा मात्र महागला : मे 2025 मध्ये वातानुकूलित बसचं किमान भाडं सहाचं बारा रुपये झालं.