'पुरे' म्हणण्याचा हक्क

एकमेकांत गुंतलेली रेषीय समीकरणे सोडवण्याची एक जुनी रीत आहे. उत्तराचा अंदाज धरायचा, तो समीकरणांत घालून दोन्ही बाजूंतला फरक, म्हणजे शेष, पाहायचा आणि अंदाज सुधारत जायचा. या रीतीच्या इतिहासात सुधारणा कशी करायची याची चर्चा भरपूर होते. थांबायचे केव्हा, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

२६ डिसेंबर १८२३ रोजी कार्ल फ्रिडरिश गाउस यांनी आपले शिष्य गेर्लिंग यांना पत्रातून ही रीत समजावली. विषय होता भूमापनातील कोनांची दुरुस्ती. अर्धवट झोपेतही हे काम करता येते, असे गाउस यांचे म्हणणे. शेष सतत डोळ्यांपुढे असत, आणि कोन किती बारकाईने मोजले आहेत हे मोजणाऱ्यालाच ठाऊक असे. थांबण्याची कसोटी त्या जाणतेपणातच होती.

यंत्र आले आणि ही जाण हिशेबातून गळाली. यंत्राला आकडा द्यावा लागतो: शेष अमुक इतका लहान झाला की थांब. हा आकडा कसा फसवतो, ते विल्सन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या चार समीकरणांत दिसते. उजव्या बाजूंना ३२, २३, ३३, ३१. खरे उत्तर, चारही अज्ञात १. पण त्यांच्या जागी ९.२, −१२.६, ४.५, −१.१ घातले तरी प्रत्येक समीकरणात फरक पडतो अवघा ०.१. पहिल्या समीकरणाचे गुणक १०, ७, ८, ७ आहेत. वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे.

१९६४ मध्ये वेर्नर ओएटली आणि विल्यम प्रागर यांनी प्रश्नच उलटा केला. हाती आलेले उत्तर अचूक ठरण्यासाठी मूळ आकडे किती हलवावे लागतील? तेवढी हालचाल मोजमापाच्या अनिश्चिततेत बसत असेल, तर उत्तर मान्य. म्हणजे विल्सन यांच्या उजव्या बाजू ०.१पर्यंतच खात्रीच्या असतील, तर वरचे विचित्र उत्तरही नाकारता येत नाही, दोष मोजमापाचा. त्या तंतोतंत असतील, तर तेच उत्तर टाकाऊ. शेष एकच, निवाडे दोन.

आज पेट्सीसारख्या संगणकीय ग्रंथालयात शेष उजव्या बाजूच्या एक लक्षांशावर आला की थांबण्याची तयार कसोटी असते. ती काढून स्वतःची बसवण्याची सोयही असते. पूल, धरण किंवा हवामान यांचे आकडे कुठून आले आणि किती भरवशाचे आहेत, हे जाणणाऱ्याने ती सोय वापरली पाहिजे. कारण तयार कसोटीला आकडे दिसतात, त्यांचा उगम दिसत नाही.