पलटणीचं चर्च, गावाची माऊली

आज लढाई कमी आणि चर्च जास्त. पण बोलणारा निवृत्त फौजी आहे, त्यामुळे तोफा कुठून तरी येणारच. तेवढं चालवून घ्या.

कॅथलिक परंपरेत पॅरिश, म्हणजे आपले वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतात, तो कुणातरी संताच्या किंवा मारियामातेच्या आश्रयाखाली असतो. त्या संताचा सण म्हणजे गावाची जत्राच. वसईला तर स्वतःच्या मातीतला संत मिळाला. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. मला ज्या गावाबद्दल बोलायचंय तिथे मात्र क्रम उलटा आहे. तिथे चर्च आधी झालं, आणि आज ज्या मातेच्या ओढीने लोक येतात तिची तसबीर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आली.

हे गाव म्हणजे सरधना. मेरठपासून वीसेक किलोमीटर, आजूबाजूला उसाची शेतं. मेरठ छावणीत असताना मी तिथे तीन-चार वेळा गेलो. पहिल्यांदा गेलो तो चर्चसाठी नाही, बेगम समरूसाठी.

तिचं मूळ नाव फरजाना. वॉल्टर राइनहार्ट या युरोपियन भाडोत्री सेनानीच्या घरी ती आली. त्याचं टोपणनाव सोम्ब्रे, त्याचं हिंदुस्थानी तोंडात समरू झालं. माणूस बरा नव्हता. १७६३ मध्ये मीर कासिमच्या हुकमावरून पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल केली ती यानेच. पुढे दिल्ली दरबाराच्या चाकरीत त्याला सरधन्याची जहागीर मिळाली आणि १७७८ मध्ये तो आग्र्याला मेला. पलटणी, तोफा, युरोपियन अधिकारी हे सगळं बेगमच्या हाती आलं. १७८१ मध्ये आग्र्यालाच तिने बाप्तिस्मा घेतला. नवं नाव जोआना.

तिने हे श्रद्धेने केलं की हिशेबाने, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. माझ्या मते जो माणूस फौज चालवतो त्याच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तिचे अधिकारी आणि गोलंदाज बरेचसे कॅथलिक होते. त्यांची लग्नं, मुलांचे बाप्तिस्मे, दफन, सगळ्याला पाद्री लागायचा. सरधन्याचा धर्मग्राम असा पलटणीच्या गरजेतून उभा राहिला.

आता आपल्याकडचा धागा. महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला त्या काळात बेगम त्याच राजकारणात होती. १७८८ मध्ये गोकुळगढच्या वेढ्यात बादशहा शाह आलम अडचणीत आला, तेव्हा तिची फौज त्याच्या मदतीला धावली. १७९५ मध्ये तिच्याच सैन्याने बंड करून तिला तोफेच्या गाड्याला बांधून ठेवलं. जॉर्ज थॉमस या आयरिश सेनानीने, जो पूर्वी तिच्याच चाकरीत होता, तिची सुटका करवली. त्याच फौजेची ती पुन्हा मालकीण झाली आणि पुढे चाळीस वर्षं टिकली! आमच्या अकादमीत नेतृत्वावर बरंच काही शिकवतात. हे उदाहरण कुणी दिल्याचं मला आठवत नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. शिंद्यांचा पराभव झाल्यावर तिने इंग्रजांशी जुळवून घेतलं आणि हयातीपुरती जहागीर राखली.

या 'हयातीपुरती' शब्दात पुढचं सगळं आहे. आपल्यामागे जहागीर खालसा होणार हे तिला माहीत होतं. चर्च बांधलं ते याच काळात. दर्शनी भागावरच्या लॅटिन लेखात १८२२ साल आहे. वास्तुरचना अँतोनियो रेगेलिनी या तिच्याच चाकरीतल्या इटालियन अधिकाऱ्याची, खर्च चारेक लाख. खांबांचा व्हरांडा, घुमट, दोन उंच मनोरे. वेदीवर ताजमहालात असतं तसं संगमरवरात रंगीत दगडांचं जडावकाम. चर्च अर्पण केलं मारियामातेला. देखभालीसाठी, गरिबांसाठी आणि धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी तिने वेगळा पैसा ठेवला. रोमला पोपकडे रक्कम पाठवली आणि कँटरबरीच्या आर्चबिशपकडेही. दोन्ही छावण्यांत रसद पोहोचवून ठेवली म्हणा ना.

२७ जानेवारी १८३६ ला बेगम गेली. कंपनीने जहागीर घेतली, फौज मोडली. पलटण हलली की तिच्यावर जगणारा बाजार कसा ओस पडतो ते फौजेत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. शिंपी, मोची, भिश्ती, वाजंत्री, सगळ्यांची भाकर एका दिवसात जाते. १८३४ मध्ये पोपने सरधन्याला दिलेली स्वतंत्र बिशपची गादीही फार टिकली नाही. कागदावर पाहिलं तर हा धर्मग्राम संपायला हवा होता. पण उरलेली कॅथलिक कुटुंबं तिथेच राहिली, आणि बेगमने बांधून दिलेल्या पैशामुळे वेदीवरचा दिवा चालू राहिला. तिचा जुना वाडा पाद्री घडवणारं विद्यालय झाला.

मग १९५७ मध्ये कृपांच्या मातेची तसबीर तिथे स्थापन झाली. मूळ तसबीर इटलीत लिव्होर्नोजवळच्या मोंतेनेरो डोंगरावर आहे, ही तिची प्रतिकृती. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी चर्चला बॅसिलिकेचा मान दिला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आता जत्रा भरते. येणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात. मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. बांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण फरक लक्षात घ्या. बांद्र्याला भोवती मोठा ख्रिस्ती समाज आहे. सरधन्यात तो मूठभर, आणि तिथली जत्रा भरते ती शेजाऱ्यांच्या येण्याने.

गेलात तर बेगमचं स्मारक सावकाश पाहा. बोलोन्याच्या अदामो तादोलिनीने कॅरारा संगमरवरात घडवलेलं आहे, अठरा फूट उंच. वर बेगम बसलेली, हातात बादशहाचं फर्मान. तिच्याभोवती वारस डाइस सोम्ब्रे, दिवाण राय सिंग, घोडदळाचा इनायतुल्ला आणि बिशप ज्युलियस सीझर. माझ्या शेजारी एक शेतकरी आजोबा उभे होते, पागोटं बांधलेले. आधी त्यांनी दिवाणाला हात जोडले, मग बेगमला, मग मातेकडे वळले. जत्रेच्या दिवशी जाल तर गाडी गावाबाहेरच लावा, आत चालणंही मुश्कील होतं.